आडव्या गाडीला गुण कोणी द्यायचे? डी-वन ग्रां प्रीच्या निवाड्याचं प्रकरण

डिसेंबर २०१० मध्ये जपानच्या ड्रिफ्टिंगमधली दोन सर्वांत वजनदार माणसं एकाच वेळी बाहेर पडली. दाइजिरो इनादा आणि केइइची त्सुचिया. डी-वन ग्रां प्री ही व्यावसायिक ड्रिफ्टिंगची पहिली मोठी मालिका या दोघांनीच उभी केली होती. दहा वर्षं चालवल्यावर ते तिला रामराम ठोकून गेले आणि २०११ मध्ये त्यांनी ‘ड्रिफ्ट मसल’ नावाची वेगळी स्पर्धा मांडली. भांडण कशावरून झालं यावर गाडीशौकिनांनी तेव्हा भरपूर तोंडाची वाफ दवडली, ते इथे बाजूला ठेवू. मला रस आहे त्यांच्या मागे रिकाम्या राहिलेल्या खुर्चीत. ती परीक्षकाची खुर्ची होती, आणि या खेळात परीक्षकाशिवाय काहीच ठरत नव्हतं.

शर्यतीत घड्याळ असतं. जो आधी पोचला तो जिंकला, संपला विषय. ड्रिफ्टिंगमध्ये गाडी मुद्दाम आडवी घसरवायची असते. मागची चाकं पकड सोडतात, पुढची चाकं वळणाच्या उलट दिशेला वळवलेली असतात आणि ड्रायव्हर समोरच्या काचेऐवजी बाजूच्या खिडकीतून रस्ता बघत असतो. वेळेच्या हिशेबाने ही गाडी हाकण्याची वाईट पद्धत, कारण घसरणारं टायर वेग खातं. म्हणजे इथे जिंकण्याचं माप वेगळंच हवं. कुस्ती चितपट झाली तर पंचाला बोलायला काही उरत नाही, गुणांवर गेली की आखाड्यात आरडाओरडा सुरू होतो. ड्रिफ्टिंगची प्रत्येक लढत गुणांवरच जाते.

आता हे गुण आले कुठून ते बघायला थोडं मागे जावं लागेल.

त्सुचियाचा जन्म १९५६ चा, नागानो प्रांतातला, म्हणजे डोंगराळ भागातला. त्याचा आदर्श होता कुनिमित्सु ताकाहाशी. हा ताकाहाशी मूळचा मोटरसायकलवाला. १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या होकेनहाइमला २५० सीसीच्या होंडावर बसून त्याने जागतिक मालिकेतली ग्रां प्री जिंकली, आणि असं करणारा तो पहिला जपानी. पुढे तो गाड्यांच्या शर्यतीत आला आणि सत्तरच्या दशकात वळणात शिरतानाच गाडी घसरवून, तशीच आडवी ठेवून बाहेर काढायची त्याची तऱ्हा प्रेक्षकांच्या डोळ्यांत भरली. त्सुचियाने ती उचलली आणि घाटात नेली. जपानी घाटरस्त्यांवर रात्री गाड्या पळवणाऱ्या पोरांना हाशिरिया म्हणतात. त्यांच्यात हे लोण पसरायला वेळ लागला नाही. त्सुचियाची गाडी टोयोटाची एई८६. १.६ लिटरचं इंजिन, वजन टनाच्या आत-बाहेर, ओढ मागच्या चाकांना. १९८३ ते १९८७ या काळात बनलेली ही साधी स्वस्त गाडी. ताकद बेताची असल्यामुळे घसरण टिकवायला हात-पाय नेमके चालावे लागत. घाटातल्या ड्रायव्हिंगचा एक व्हिडिओ १९८७ मध्ये निघाला आणि त्यापायी त्याच्या रेसिंग परवान्यावर गदा आली, ही कथा जपानबाहेरही सगळ्यांना पाठ आहे. ‘दोरिकिन’, म्हणजे ड्रिफ्ट किंग, हे नाव मात्र कायमचं चिकटलं.

हा माणूस नुसता घाटातला हिरो नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं. फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत १९९५ साली होंडा एनएसएक्सवर त्याने जीटी२ गट जिंकला, आणि गाडीतला एक जोडीदार कोण, तर तोच ताकाहाशी. १९९९ ला टोयोटाच्या जीटी-वनमधून तो त्याच शर्यतीत एकूण क्रमवारीत दुसरा आला. म्हणजे परीक्षकाच्या खुर्चीत बसला तेव्हा ‘तुला काय कळतं’ असं त्याला म्हणायची कुणाची टाप नव्हती.

इनादाचं वजन वेगळ्या प्रकारचं. १९८१ मध्ये त्याने ‘ऑप्शन’ हे गाड्या मॉडिफाय करणाऱ्यांचं मासिक सुरू केलं. टोकियो ऑटो सलोन या नावाने आज गाजणारं प्रदर्शन १९८३ मध्ये ‘टोकियो एक्सायटिंग कार शो’ म्हणून सुरू झालं, त्यामागेही तोच. त्या काळात जपानमध्ये गाडीत फेरफार करणं म्हणजे पोलिसांचा आणि पासिंगवाल्यांचा रोष ओढवून घेणं. शाकेन नावाचं तिथलं पासिंग नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी करावं लागतं. १९९५ मध्ये सुट्या भागांचे नियम सैल झाले आणि सस्पेन्शन, चाकं, बॉडी किट यांचा धंदा उजळ माथ्याने चालू लागला. टर्बोवाले, सायलेन्सरवाले, डांपरवाले सगळे इनादाला ओळखत. स्पर्धेला पैसा लागतो, तो याच मंडळींकडून यायचा.

ऑक्टोबर २००० मध्ये फुकुशिमा प्रांतातल्या निहोनमात्सुजवळ, एबिसू सर्किटवर पहिला सामना झाला. पुढच्या वर्षापासून पूर्ण मोसम. घाटात चालणारं हे हाडमोडीचं प्रकरण आता तिकीट लावून, भिंतीच्या आत, रुग्णवाहिका उभी करून होऊ लागलं.

एबिसूच्या दक्षिण कोर्सवरची एक फेरी कशी असायची ते जवळून बघू, कारण निवाड्याचा सगळा पेच तिथे एका जागी दिसतो. शेवटच्या वळणातून गाडी प्रेक्षकांच्या समोर येते तिथे डांबराला उंचवटा आहे. चांगला ड्रायव्हर ब्रेक न दाबता आधीच गाडी आडवी करून त्या उंचवट्यावर घेतो. चाकं क्षणभर जमिनीवरून सुटतात. गाडी हवेत आडवी असते आणि खाली येते तेव्हाही आडवीच. पुढ्यात काँक्रीटची भिंत. आता मागचा बंपर त्या भिंतीला जितका लगटून जाईल तितकी गर्दी खूश. कधी बंपर भिंतीला घासतो, फायबरचा तुकडा उडतो आणि गाडी तशीच पुढे जाते. काही सेकंदांचा मामला.

या सेकंदांना शंभरपैकी किती? त्सुचिया आणि त्याचे सहकारी परीक्षक बघायचे: शिरताना वेग किती होता, कोन किती पडला, गाडी कुठल्या रेषेवरून गेली, मध्ये हात डळमळले का. आणि एक पाचवी गोष्ट, जी कागदावर नीट मांडता येत नाही: छातीत धस्स झालं का? एकट्याने करायच्या फेरीला तानसो म्हणतात. त्यातून निवडलेले सोळा जण मग जोडीने उतरतात, त्याला त्सुइसो. पुढची गाडी आपली सर्वोत्तम फेरी मारते, मागची तिच्या दाराला चिकटून तोच कोन, तीच रेषा पकडायचा प्रयत्न करते. मग अदलाबदल. त्सुइसोत सुरुवातीला दहा गुण दोघांत वाटले जायचे. पाच-पाच म्हणजे बरोबरी, सहा-चार म्हणजे फरक स्पष्ट. त्सुचिया माइकवरून निकालाची कारणं सांगायचा, ड्रायव्हरला सगळ्यांसमक्ष झापायचाही. प्रेक्षकांना ते आवडायचं. ड्रायव्हरना किती आवडत असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

या पद्धतीवरचा आक्षेप उघड होता. एका पिढीच्या, एका चवीच्या माणसांनी ठरवायचं की काय देखणं. त्यातला एक मासिकवाला, ज्याच्या पानांवर याच संघांच्या प्रायोजकांच्या जाहिराती. परदेशातून आलेल्याला तर हा घरचा मामला वाटणारच.

पण मग २००१ पासूनची विजेत्यांची यादी बघा. २००१ नोबुतेरु तानिगुची, निसान सिल्व्हिया एस१५. २००२ कात्सुहिरो उएओ, आणि तोही जुन्या एई८६ वर. २००३ योइची इमामुरा, माझ्दा आरएक्स-७. २००४ र्‍युजी मिकी. २००५ यासुयुकी काझामा. २००६ नोबुशिगे कुमाकुबो, ज्याने चार चाकांना ओढ असलेली सुबारू इम्प्रेझा मागच्या दोन चाकांवर आणून वापरली. २००७ मासातो कावाबाता. २००८ दाइगो साइतो, टोयोटाची चार दारांची सेडान घेऊन. आठ मोसम, आठ वेगळे विजेते, आणि गाड्याही एका साच्यातल्या नाहीत. कुमाकुबो हा तर एबिसू सर्किटचाच कर्ताधर्ता, तरी त्याला किताबासाठी सहाव्या मोसमापर्यंत थांबावं लागलं. लाडकेपणा असता तर ही यादी अशी पसरली नसती. उएओचा किताब मला यात सर्वांत बोलका वाटतो. आसपास टर्बो लावलेल्या गाड्यांची गर्दी असताना कमी ताकदीच्या गाडीने वर्षभराची मालिका जिंकणं हे डोळ्याने दिलेल्या गुणांतच शक्य होतं. परीक्षक ‘या गाडीला हे किती अवघड आहे’ हे जाणून होते आणि त्याची किंमत देत होते. नंतर इमामुराने २००९, २०१० आणि २०११ असे सलग तीन किताब घेतले. यातला शेवटचा संस्थापक गेल्यानंतरचा. परीक्षक बदलले तरी अव्वल माणूस अव्वलच राहिला, एवढं तरी त्यातून दिसतं.

तरीही मालिका चालवणाऱ्यांपुढची अडचण खरी होती. डी-वनचा निवाडा लोक मानत होते तो त्सुचियाचा म्हणून. नियमपुस्तकात तो विश्वास लिहिलेला नव्हता, त्यामुळे माणूस गेल्यावर तो त्याच्यासोबतच गेला. त्याच्या जागी दुसरा कुणी बसवला की पहिल्याच वादग्रस्त निकालाला ‘दोरिकिन असता तर...’ हे ऐकावं लागणार. माणसाच्या जागी माणूस आणण्यात हा धोका. त्यांनी माणसाच्या जागी यंत्र आणलं.

२०१२ च्या मोसमापासून एकट्याच्या फेरीचे गुण डॉस ही प्रणाली देऊ लागली. डी-वन ओरिजिनल स्कोअरिंग सिस्टिमची ही आद्याक्षरं. गाडीत एक खोकं घट्ट बसवतात, त्यात उपग्रहावरून जागा आणि वेग टिपणारा जीपीएस आणि गाडीचं वळणं टिपणारा जायरो. यामागचं तत्त्व सोपं आहे. जीपीएस सांगतो गाडी प्रत्यक्षात कुठल्या दिशेने सरकते आहे, जायरोवरून कळतं नाक कुठे आहे. सरळ जाणाऱ्या गाडीत दोन्ही दिशा एकच. ड्रिफ्टमध्ये त्यांच्यात फरक पडतो, तोच घसरणीचा कोन. हा कोन क्षणाक्षणाला टिपला की त्याच्या बदलाचा दरही मिळतो, म्हणजे एका बाजूला आडवी असलेली गाडी ड्रायव्हरने किती झटक्यात दुसऱ्या बाजूला फेकली. आणि कोन धरल्यावर तो स्थिर राहिला की हेलकावे खाल्ले, हेही आलेखावर येतं. कोर्सचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यात वेग, कोन, झटका आणि स्थैर्य यांना गुण द्यायचे. गाडी थांबायच्या आत आकडा फलकावर.

फायदा लगेच दिसतो. सकाळी पहिला उतरलेला आणि दुपारी शेवटचा उतरलेला यांना एकच माप. माणसाचा डोळा सकाळी हात आखडता ठेवतो, पुढे कुणी भारी येईल म्हणून. यंत्राला ही काळजी नसते. नवख्या पोराला नामवंताइतकेच गुण मिळू शकतात, आणि ‘माझं कुठे कमी पडलं’ याचं उत्तर अंशांत आणि ताशी किलोमीटरमध्ये मिळतं. संघांच्या मेकॅनिकांसाठी तर ही पर्वणीच. सस्पेन्शनमध्ये केलेला फेरफार उपयोगी पडला का हे आधी अंदाजाने कळायचं, आता आकड्याने.

पण यंत्राला काय दिसत नाही? भिंत दिसत नाही. एबिसूवर बंपर भिंतीपासून एका विटेवर असो की दोन मीटरवर, कोन तोच, वेग तोच, तर गुणही तेच. मग शहाणा ड्रायव्हर भिंतीजवळ जाईलच कशाला? यावर आयोजकांनी डांबरावर झोन आखले, की चाक इथून गेलंच पाहिजे, नाहीतर गुण कापले. बाहेर चाक गेलं का हे बघायला पुन्हा माणूसच. म्हणजे रेषेचा निवाडा डोळ्याकडेच राहिला, फक्त आता तो बक्षीस देणारा न राहता दंड करणारा झाला. त्सुचिया म्हणायचा ‘वा, किती जवळ गेलास’, नवा अधिकारी म्हणतो ‘चाक बाहेर, वजा’. ड्रायव्हर दोन्हीकडे तोच असला तरी त्याच्या डोक्यातलं गणित बदलतं. मला या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची उलथापालथ ही वाटते, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. सगळी चर्चा ‘यंत्र की माणूस’ अशीच फिरत राहते.

दुसरा परिणाम गाड्यांवर. वेगाला थेट गुण आहेत म्हटल्यावर वेग विकत घ्यायचा मार्ग सगळ्यांना माहीत होता: मोठं इंजिन, मोठा टर्बो, अधिक पकडीची टायर. सिल्व्हियाच्या नाकात टोयोटा सुप्राचं तीन लिटरचं २जेझेड इंजिन बसवणं ही नेहमीची गोष्ट झाली आणि ताकद हजार हॉर्सपॉवरच्या घरात पोचली. याचं सगळं खापर यंत्रावर फोडणं अन्यायाचं होईल. ताकदीची चढाओढ डोळ्याच्या काळातच सुरू झाली होती, आणि टायर कंपन्यांची आपसातली स्पर्धा तिला खतपाणी घालत होती. कावाबाताने एप्रिल २०१६ मध्ये अमिरातीतल्या फुजैरा विमानतळाच्या धावपट्टीवर ३०४.९६ किलोमीटर वेगाने ३० अंशांचा ड्रिफ्ट करून गिनेस विक्रम केला, तेव्हा त्याच्या निसान जीटी-आरमध्ये १,३८० हॉर्सपॉवर होती. तिथे गुणांचा प्रश्नच नव्हता, हौस मात्र तीच. पण एई८६ वाल्याला पुन्हा किताब मिळायचा रस्ता यंत्राने बुजवला, हे मान्य करावंच लागेल. हलक्या गाडीने अवघड काम केलं याचा गुण देणारा रकाना त्या खोक्यात नाही.

सगळं यंत्राकडे सोपवलं असतं तर मालिका कंटाळवाणी होऊन मेली असती असं माझं मत. तसं झालं नाही याचं कारण त्सुइसो. जोडीच्या लढतीत मागच्याने पुढच्याच्या दाराजवळ किती घुसायचं, त्याचा कोन किती हुबेहूब उचलायचा, हे परीक्षक आपल्या डोळ्यांनी बघतात. पुढे नियम असा बसला की दोघांच्या फेरीचा पाया यंत्राच्या आकड्यावर, आणि पाठलाग करणाऱ्याला जवळिकीचे गुण माणसाकडून. नुसता वेग आणि कोन घेऊन पुढे पळणाऱ्याला मागचा धाडसी माणूस अजूनही गाठू शकतो. धक्का लागला तर चूक कुणाची, पुढच्याने मुद्दाम वेग मारला की मागचा आंधळेपणाने घुसला, हे ठरवायला तर खेळलेला माणूसच लागतो.

ही वाटणी बाहेरही मान्य झाली. २०१७ च्या शरदात टोकियोच्या ओदाइबामध्ये, खाडीलगतच्या मोकळ्या जागेवर तात्पुरता कोर्स आखून, एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक महासंघाने पहिला आंतरखंडीय ड्रिफ्टिंग चषक भरवला. एकट्याच्या फेऱ्यांना डॉसचे गुण, जोडीच्या लढतींना परीक्षक. जिंकला कावाबाता, जीटी-आरवर. वेगवेगळ्या देशांतून आलेल्या आणि एकमेकांच्या परीक्षकांवर विश्वास नसलेल्या ड्रायव्हरना एका रांगेत लावायला आकड्याइतकं सोयीचं दुसरं काही नव्हतं.

अमेरिकेने मात्र हा रस्ता धरला नाही. डी-वनने २००३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अर्विन्डेलला खेळ दाखवल्यावर तिथे २००४ पासून फॉर्म्युला ड्रिफ्ट ही मालिका उभी राहिली, आणि तिथे आजही तीन परीक्षक बसतात. रेषा, कोन आणि शैली अशी कामं वाटलेली, लढतीत बहुमत, आणि ठरत नसेल तर ‘पुन्हा एकदा पळा’. दाइगो साइतो तिथे गेला आणि २०१२ मध्ये पहिल्याच मोसमात किताब घेऊन आला. नेमकं तेच वर्ष, ज्या वर्षी घरी डॉस आलं. डोळ्याने मापा की खोक्याने, साइतो साइतोच.

म्हणून डॉसचा निर्णय मला बरोबर वाटतो, पण त्याचं नेहमी दिलं जाणारं कारण पटत नाही. ‘यंत्र निःपक्षपाती, माणूस पक्षपाती’ हे त्या आठ विजेत्यांच्या यादीपुढे टिकत नाही. डॉस गरजेचं होतं ते त्सुचियाच्या शब्दाला जे वजन होतं ते दुसऱ्या कुणाला उसनं देता येत नव्हतं म्हणून. उणीव राहिली ती रेषेच्या गुणांत. झोनमध्ये नुसतं चाक पडलं का एवढंच न बघता, भिंतीच्या बाजूने किती आत घेतलं याचे दोन-चार गुण परीक्षकाच्या हातात दिले असते, जसे त्सुइसोत जवळिकीचे दिले, तर तानसोतही बंपर घासायची हिंमत पुन्हा कामी आली असती. बंपर बदलायला संघांना खर्च पडला असता, पण गाडीच्या डिकीत दोन सुटे बंपर टाकून निघायची सवय या लोकांना घाटातल्या दिवसांपासून आहेच.